दीड इंच काच

पापाच्या तिकटीला माझं दुकान.
देवांच्या तसबिरी, लग्नाचे फोटो,
वारलेल्या माणसाला चंदनी हार आपल्याकडून फुकट.
परवा शिरोळे आला, ताराबाई पार्कातला लॉजवाला,
काखेत पत्र्याची पेटी,
भंगारवाल्याकडून तीनशेला उचललेली, घासाघीस करून.
"नवीन हॉटेलात लावायचंय. बघ तरी,
पोट धरून हसशील."

आत कागद. तारेच्या फॉर्माच्या पाठी,
रेशनच्या यादीच्या पाठी, एक तर चक्क
साहेबाच्याच हुकमाच्या पाठी,
जांभळ्या पेन्सिलीला थुंकी लावून ओढलेल्या रेघा.
खाली सही : लान्स नाईक भैरू चितारी,
शुक्रवार पेठ, कोल्हापूर. मुक्काम वाळू.

पाच चित्रांवर लान्स नाईक.
सहाव्यापासून नुसताच शिपाई.
का, ते पाचव्यात दिसतंच :
साहेब नकाशावर बोट टेकवून म्हणतोय, "हितं पाणी हाय,"
आणि बोटाखाली चहाचा डाग.
डाग खराखुरा. कप टेकवून काढलेला.

एकात साहेब उलटी दुर्बीण लावून,
"दुश्मन लई लांब हाय, जेवून घ्या."
एकात उंटावर खटला :
सलाम ठोकला नाही म्हणून.
उंटाचा वकील दुसरा उंट, तो झोपलाय.
एकात वरून गोळे पडतायत
आणि साहेब फूटपट्टीनं
जवानांच्या मिशा मोजतोय.
एकात नुसता तंबू, बाहेर पाटी,
"साहेब विचार करत्यात." तंबू रिकामा.

नवव्यावर लाल शाईत इंग्रजी शेरा.
पोराकडून वाचून घेतला :
माझी पदकं चार आहेत, तीन दाखवलीस. दुरुस्त कर.
भैरूनं केलंय दुरुस्त. इमानदारीनं.
चौथं पदक बांधलंय
चड्डीच्या नाडीला.

मी हसलो. चहावाला पोरगा हसला.
शिरोळे तर डोळे पुसायला लागला.

मग बारावं.

ह्यात पोट फुगवलेलं नाही, नाक ताणलेलं नाही.
साहेब खुर्चीत बसलाय, जसा असेल तसा,
एकेक बटण जागेवर, इस्त्रीची घडी सुद्धा.
चेहरा आपल्या बँकेतल्या मॅनेजरसारखा,
वाईट नाही, थोडा दमलेला.
मांडीवर नकाशा. नकाशा उलटा.
आणि पायाशी, कागदाच्या अगदी कडेला,
बारीक अक्षरात अकरा नावं, नावापुढं गाव :
मुरगूड, उत्तूर, बीड शेड, नेसरी,
परत मुरगूड...
शेवटच्या नावावर थेंब पडून जांभळं पसरलंय.
गाव तेवढं लागतं. कडगाव.

शिरोळेनं पालथं केलं, सुलटं केलं.
"ह्यात काय इनोद न्हाई की रे.
गिऱ्हाईक जेवताना बघणार. हे ठेव तुझ्याकडं,
न्हाईतर अकरा फ्रेमांचाच भाव लाव."
अकराच म्हणाला तो. मी काही बोललो नाही.
हिशेब लिहिला, आगाऊ घेतला.

रात्री शटर अर्धं ओढून बारावं फळीवर घेतलं.
तयार साइजच्या चौकटीत छान बसत होतं,
साहेब बरोबर मधोमध,
फक्त नावं पट्टीखाली जात होती.
तशी तर ती गेलीच होती एवढी वर्षं.
दीड इंच काच वाढवून कापली.
हिरा एकदा घसरला, एक काच वाया.
ती माझ्या खात्यावर.

आता लावलंय, गणपती आणि
एका अनोळखी नवरानवरीच्या मधे.
हारापाशी मात्र अडलो.
खिळ्याला हार घालावा तर तो
थेट साहेबाच्या गळ्यात पडतो.
दोन दिवस हार हातात घेऊन फिरलो.
शेवटी खालच्या पट्टीला
दोन चुका मारल्या,
आणि नावांखाली अडकवला.